वर्गाबाहेरच्या तासाचं प्रशिक्षण: केंद्रातल्या शिक्षकांसोबतचे दोन दिवस

परिसरातून शिकवण्याचं महत्त्व शिक्षकांना पटवून देण्याची गरज नसते. डी.एड.पासून ते त्यांना पाठ आहे. तरीही प्रशिक्षण होऊन महिना उलटला की परिसर अभ्यासाचा तास पुन्हा फळ्यासमोरच भरतो. विचारलं तर अभ्यासक्रम संपवायचा असल्याचं कारण पुढे येतं. जरा खोदलं की खाली तीन धास्ती सापडतात. बाहेर नेलं की पोरं हाताबाहेर जातील. एखाद्यानं झाडाचं नाव विचारलं आणि आलं नाही तर शोभा होईल. आणि चाळीस मिनिटांत जाऊन-येऊन वहीत काहीच उतरणार नाही. सभागृहातलं भाषण यांतल्या एकाही धास्तीला हात लावत नाही. त्या जातात त्या बाहेरचा तास प्रत्यक्ष घेऊन, फसवून आणि त्याच दिवशी दुसऱ्यांदा घेऊन.

पुढची आखणी एका केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, 24 ते 30 शिक्षकांसाठी आणि प्रशिक्षण देणाऱ्या दोन साधनव्यक्तींसाठी आहे. सलग दोन दिवस आणि तीन आठवड्यांनी अर्धा दिवस. शिक्षक तिसाच्या वर गेले तर दोन तुकड्या कराव्यात. साठ जणांना घेऊन बाहेर पडलं की ती प्रभातफेरी होते.

कधी आणि कुठे

दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचे पाच-सहा आठवडे सगळ्यांत बरे. आभाळ मोकळं असतं, बांधावर गवत अजून हिरवं असतं, ओढ्यात थोडं पाणी असतं आणि शाळेत मुलं असतात. एप्रिल-मेमधलं प्रशिक्षण या कामाचं नाही. मुलं नसतात, जमीन करपलेली असते आणि दुपारी बाराला मैदानावर थांबणं शक्य नसतं.

जागा म्हणजे केंद्रातली साधी शाळा. अभयारण्य, किल्ला, कृषी पर्यटन केंद्र नको. तिथे शिक्षक खूष होतात आणि परत येऊन म्हणतात, 'आमच्याकडे असं काही नाही हो.' शाळेच्या फाटकापासून पाच मिनिटांत पोचता येईल तेवढ्याच टापूत काम करायचं. एरवीच्या दिवशी शिक्षकाच्या हातात तेवढाच टापू असतो. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली, कारण मुलं गुरं चारायला जात होती आणि शाळेकडे येत नव्हती. तिथे कुरण होतं म्हणून कुरण. तुमच्याकडे एसटी थांबा, सोसायटीचं गोदाम आणि एक बाभळीचं बन असेल तर तेच.

आठवडाभर आधीची फेरी

दोन्ही साधनव्यक्तींनी प्रशिक्षणाच्या जागी आठवडाभर आधी जावं, आणि ज्या वेळी तास घ्यायचा आहे त्याच वेळी जावं. सकाळी आठला सावलीत असलेली जागा बाराला तापलेली असते. दुपारी शांत असलेल्या रस्त्यावर सकाळी ऊस वाहणारे ट्रॅक्टर असतात. सहा-सात जागा निवडून प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: इथे काय मोजता किंवा पाहता येईल, ते कोणत्या इयत्तेच्या कोणत्या धड्याशी जुळतं, आणि इथे धोका कसला आहे. तिसरा रकाना रिकामा राहिला तर नीट पाहिलेलं नाही असं समजावं.

या फेरीत गावातल्या दोन-तीन माणसांशी बोलून ठेवावं. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना रानभाज्या आणि जळणाची लाकडं माहीत असतात. गुराख्याला कोणतं गवत गुरं सोडून देतात ते ठाऊक असतं. विहिरी खोदणाऱ्याला किती फुटांवर मुरूम लागतो आणि किती फुटांवर काळा पाषाण, ते तोंडपाठ असतं. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाला अर्ध्या तासासाठी बोलवावं. सत्कार वगैरे करू नये. शिक्षकांनी प्रश्न विचारायचे आणि लिहून घ्यायचं, एवढंच.

सामान

पाच-पाच जणांचे सहा गट धरून: प्रत्येक गटाला 5 मीटर सुतळी, चार लांब खिळे, बरोबर 1 मीटरची सरळ काठी, 5 मीटरचा टेप, चार इंची पीव्हीसी पाइपचा 15 सेंमीचा तुकडा, 300 मिलि पाण्याची खूण केलेल्या दोन बाटल्या आणि विज्ञानपेटीतलं एक भिंग. प्रत्येकाला परीक्षेचा पॅड आणि पेन्सिल. पेन नको, ओल्या कागदावर शाई फुटते आणि पुसता येत नाही. सगळ्यांत मिळून एक 30 मीटर टेप, थोडा चुना, दोन शिट्ट्या, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी. पाइपचे तुकडे एकाच पाइपातून कापून घ्यावेत आणि कडा घासून गुळगुळीत कराव्यात. पत्र्याचे डबे कापून वापरले तर बोटं कापतात, शिवाय डबे वेगवेगळ्या मापांचे निघतात आणि तुलना फसते.

पहिला दीड तास मोबाइल पिशवीत राहू द्यावेत. कॅमेरा हातात आला की माणूस फोटो काढतो आणि पाहायचं राहून जातं.

पहिली सकाळ: एक चौरस मीटर

दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, ओळख यांना फाटा द्यावा. जमल्यापासून वीस मिनिटांत लोक बाहेर असले पाहिजेत.

सुतळीला टोकापासून थोडी जागा सोडून दर मीटरला गाठ मारायची, चार मीटर झाले की टोकं बांधायची आणि चार खिळ्यांवर ताणून चौकट ठोकायची. इथेच पहिली गंमत होते. सहापैकी चार चौकटी तिरक्या पडतात, म्हणजे चारही बाजू एक मीटरच्या पण आकार पतंगासारखा. साधनव्यक्तींनी दुरुस्त करू नये. 'ही चौकट एक चौरस मीटरची आहे हे सिद्ध करा' एवढंच म्हणावं. कोणीतरी कर्ण मोजतं. दोन्ही कर्ण 141 सेंमीच्या जवळ आले की चौकट काटकोनात बसली. एक कर्ण 155 आणि दुसरा 126 असेल तर बाजू तेवढ्याच राहूनही क्षेत्रफळ कमी झालेलं असतं. पायथागोरस शिकवणारे शिक्षक इथे थबकतात, आणि चौथीचे शिक्षक परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला घोळ कसा सोडवायचा ते घेऊन जातात.

दोन गटांनी चौकट ध्वजस्तंभाजवळच्या तुडवलेल्या जमिनीवर टाकावी, दोघांनी कुंपणाच्या कडेला, दोघांनी झाडाच्या सावलीत. मग:

1. चौकटीच्या प्रत्येक बाजूवर दर 20 सेंमीला खूण करायची. काठी खुणांवर आडवी-उभी ठेवली की 25 खण पडतात. एक खण म्हणजे चार टक्के.
2. अर्ध्याहून जास्त हिरवे असलेले खण मोजायचे. सात खण भरले तर हिरवळ 28 टक्के.
3. वनस्पतींचे प्रकार मोजायचे, नावं विचारायची नाहीत. पहिली अ, दुसरी ब, तिसरी क. प्रत्येकीच्या एका पानाचं चित्र काढायचं.
4. जिवंत प्राणी दिसले तर नुसत्या रेघा ओढून मोजणी ठेवायची. एक मुंगी पाच वेळा मोजली जाणारच, तेही लिहायचं.
5. चौकटीशेजारी पाइपचा तुकडा जमिनीत 3 सेंमी दाबायचा, 300 मिलि पाणी ओतायचं आणि जिरायला किती वेळ लागतो ते पाहायचं.

पाचव्या पायरीत सर्वांत जास्त चुका होतात. पाइप हलवत हलवत दाबला की कडेला फट पडते, पाणी बाजूनं पळतं आणि जमीन भलतीच शोषक वाटते. लाकडाचा तुकडा वर ठेवून सरळ ठोकावा. काळ्या मातीच्या गावात दुसरी फसगत असते. सुकलेल्या काळ्या जमिनीला भेगा असतात, पहिलं पाणी त्यांत गडप होतं. तेवढ्यावर 'काळ्या मातीत पाणी लवकर जिरतं' असा निष्कर्ष निघतो, जो चुकीचा आहे. त्याच पाइपात लगेच पुन्हा 300 मिलि ओतावं. माती फुगून भेगा मिटायला लागल्या की तेच पाणी रेंगाळतं. म्हणून नोंद नेहमी दोन वेळा घ्यायची आणि तुलना दुसऱ्या आकड्याची करायची. पावसाचे दोन तडाखे ओळीनं आले की दुसऱ्या वेळी शेतातून पाणी का वाहतं, हे शिक्षकाला इथे डोळ्यांनी दिसतं. दहा मिनिटांत पाणी हललंच नाही तर 'दहा मिनिटांत किती मिलिमीटर उतरलं' असं लिहावं. जिरेपर्यंत ताटकळत बसू नये.

सहा गटांचे आकडे एका फळ्यावर मांडले की तुडवलेली जमीन, कुंपण आणि सावली यांतला फरक उघड होतो. तो का पडला यावर वीस मिनिटं वाद होऊ द्यावा. साधनव्यक्तींनी उत्तर सांगायची घाई केली तर सकाळ वाया गेली.

नाव माहीत नसलं तर

शिक्षकांना सर्वांत जास्त अडवणारी गोष्ट हीच, म्हणून तिचा वेगळा सराव घ्यावा. साधनव्यक्तीनं मुद्दाम एखादं झुडूप दाखवून म्हणावं, 'मला नाव माहीत नाही. शोधायचं कसं?' मग पाच गोष्टी लिहायच्या: पानं समोरासमोर की एकाआड एक, कडा गुळगुळीत की दातेरी, शिरा जाळीदार की समांतर, चुरगळल्यावर वास, आणि देठ तुटला तर चीक निघतो का. वास नि चीक पाहायचं काम शिक्षकानं करायचं, मुलांनी नव्हे. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. गाजरगवतानं काहींच्या अंगावर पुरळ उठतं. चव तर कशाचीच घ्यायची नाही.

वर्णन झालं की गावातल्या तिघांना नाव विचारायचं आणि तिन्ही उत्तरं लिहायची. एकच झुडूप एका घरात घाणेरी असतं, शेजारच्या घरात टणटणी. वहीत दोन्ही राहू द्यावीत. 'उद्या शोधून सांगू' असं वर्गात म्हणता येणं आणि उद्या खरंच सांगणं, यात शिक्षकाची शोभा होत नाही. ते वाक्य दोन दिवसांत प्रत्येकाकडून एकदा तरी म्हणवून घ्यावं.

दुपार: काठीची सावली

पावणेबारापर्यंत सपाट जागी 1 मीटरची काठी उभी करायची. दोऱ्याला दगड बांधून ओळंबा लावायचा आणि दोन बाजूंनी तपासायचं. बारापासून सव्वापर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवून वेळ लिहायची. सुरू करण्याआधी विचारावं, 'सर्वांत लहान सावली किती वाजता पडेल?' जवळजवळ सगळे 'बारा' म्हणतात.

बहुतेक ठिकाणी ती बाराला पडत नाही. घड्याळ चालतं 82.5 अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर, आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबानं खरी दुपार नागपूरला साडेबाराच्या बरीच आधी, साधारण सव्वाबाराला होते, पुण्यात 12.35च्या आणि मुंबईत 12.40च्या आसपास. ऋतूप्रमाणे यात पाव तासापर्यंत पुढे-मागे होतं. सर्वांत आखूड सावलीची रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण दिशा. होकायंत्राशिवाय शाळेच्या अंगणात ती चुन्यानं कायमची आखून ठेवता येते.

'दुपारी सावली नाहीशी होते' हाही पक्का समज. महाराष्ट्रात ती वर्षातून फक्त दोन दिवस नाहीशी होते, एकदा मेमध्ये आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, गावाच्या अक्षांशाप्रमाणे तारीख बदलते. पुण्यात 22 डिसेंबरच्या दुपारी मीटरभर काठीची सावली सुमारे 90 सेंमी उत्तरेला पडते. 21 जूनला ती जेमतेम 9 सेंमी असते आणि दक्षिणेला पडते. आभाळ मोकळं मिळालं तर शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यातच मुलांना हे दाखवावं.

याच काठीनं ध्वजस्तंभाची उंची काढता येते, मात्र दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायला हव्यात. चहा घेऊन आल्यावर दुसरी मोजली की उत्तर मीटरनं चुकतं. वड किंवा चिंचेवर हा प्रयोग करू नये. पसरलेल्या झाडाच्या सावलीची कड शेंड्याची नसते, फांद्यांची असते.

टाचण

जेवणानंतर प्रत्येक गटानं आपापल्या पाठ्यपुस्तकातला पुढच्या महिन्यात येणारा एक घटक घेऊन अर्ध्या पानाचं टाचण करायचं: प्रश्न, जागा, सामान, वहीत काय उतरेल, परत आल्यावर विचारायचा पहिला प्रश्न. अट एकच. प्रश्नाचं उत्तर पुस्तकात असता कामा नये आणि वर्गात बसून देता येता कामा नये.

'झाडांचे उपयोग सांगा' हा प्रश्न या अटीवर पडतो, त्याला बाहेर जायची गरज नाही. 'आपल्या आवारातल्या कोणत्या झाडाखाली गवत उगवत नाही?' हा टिकतो. 'प्रदूषणाची कारणं' पडतं. 'दुकानापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर कोणत्या वस्तूची वेष्टनं सर्वांत जास्त आहेत?' टिकतं. मराठीच्या शिक्षकांना यात आपलं काम दिसत नाही, पण त्यांचाच तास सर्वांत सोपा असतो. दगडाचं वर्णन नाव न घेता लिहायचं आणि दुसऱ्या गटानं त्या वर्णनावरून वीस दगडांतून तो शोधायचा. 'सुंदर', 'छान', 'मोठा' ही विशेषणं का निकामी आहेत ते मुलांना पाच मिनिटांत कळतं. द्विशिक्षकी शाळेत हाच खेळ पहिली ते चौथीला एकत्र चालतो. लहानांनी दगड निवडायचे, मोठ्यांनी लिहायचं.

चाळीस मिनिटांची विभागणी अशी बसते: वर्गात सूचना पाच, जाणं पाच, बाहेर काम पंधरा, येणं पाच, लिहिणं दहा. लिहिण्याची दहा मिनिटं कापली की 'वहीत काहीच नाही' ही धास्ती खरी ठरते. जोडतास मिळत असेल तर वाढलेला वेळ बाहेर न घालवता लिहिण्याला द्यावा.

मुलं हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून

सगळ्या सूचना वर्गातच द्यायच्या. मैदानात आवाज विरतो आणि शिक्षक ओरडायला लागतो. चौघांचा गट करावा आणि प्रत्येकाकडे एक काम द्यावं: एकानं मोजायचं, एकानं लिहायचं, एकानं चित्र काढायचं, एकानं सामान सांभाळायचं. ज्याच्या हातात काम नाही तोच झाडावर चढतो. हद्द चुन्यानं आखावी किंवा 'या कडुनिंबापासून त्या हापशापर्यंत' अशी सांगावी. एक शिट्टी म्हणजे हातातलं थांबवून बघा, दोन म्हणजे परत या. बोलताना शिक्षकानं सूर्याकडे तोंड करून उभं राहावं म्हणजे ऊन मुलांच्या पाठीवर येतं. उलट उभं राहिलं की चाळीस पोरं डोळे चोळत बसतात. मोजणी तीनदा: निघताना, पोचल्यावर, परतल्यावर.

दुसरा दिवस: खऱ्या मुलांसोबत

केंद्रशाळेतली चौथी-पाचवीची 24 मुलं सकाळी घ्यावीत आणि दुसरी 24 दुपारसाठी राखून ठेवावीत. शिक्षकांच्या सहा गटांना प्रत्येकी चार मुलं. एकानं आदल्या दिवशीच्या टाचणावरून तास घ्यायचा, एकानं तीन आकडे ठेवायचे: शिक्षक किती मिनिटं बोलले, मुलांनी स्वतःहून किती प्रश्न विचारले, किती मुलांनी हातानं मोजलं. तिसऱ्यानं फक्त एका, शक्यतो गप्प असलेल्या मुलावर लक्ष ठेवायचं. उरलेल्या दोघांनी काहीही करायचं नाही. हे शिक्षकांना जड जातं, मध्ये बोलल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्या फेरीत शिक्षक पंधरापैकी दहा-अकरा मिनिटं स्वतःच बोलतात. चर्चेची सुरुवात कौतुकानं न करता या आकड्यांनी करावी, म्हणजे ते कुणाला बोचत नाहीत आणि लपवताही येत नाहीत. मग टाचणात एकच बदल करून दुपारी दुसऱ्या मुलांवर तोच तास पुन्हा घ्यायचा. वेळ कमी पडला की आयोजक नेमका हा भाग कापतात. कापायचंच असेल तर समारोप कापावा. हात बसतो तो दुसऱ्या फेरीत.

सुरक्षितता आणि परवानगी

वर्षाच्या सुरुवातीलाच शाळा व्यवस्थापन समितीत चालत जाण्याच्या अंतरातल्या तासांचा ठराव करून घ्यावा, म्हणजे दर वेळी पत्रव्यवहार नको. प्रत्येक तासाआधी मुख्याध्यापकांच्या वहीत जागा आणि वेळ लिहावी. त्याहून दूर जायचं असेल तर पालकांची लेखी संमती हवी. कठडा नसलेली विहीर आणि पावसाळ्यातला ओढा यादीतूनच वगळावेत. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली थांबू नये. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली न जाता पक्क्या इमारतीत परतावं. दगड हातानं उलटू नये, काठीनं आपल्याकडे उलटवावा, म्हणजे खाली विंचू किंवा साप असलाच तर मधे दगड राहतो. सर्पदंशात जखम कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काहीही करू नये. मुलाला न चालवता, अवयव न हलवता रुग्णालयात न्यावं. प्रतिविष जवळच्या कोणत्या दवाखान्यात आहे ते आधीच विचारून 108 शेजारी तो नंबर लिहून ठेवावा.

शहरातल्या मैदान नसलेल्या शाळेला यातलं बरंचसं गच्चीवर आणि कुंपणाच्या भिंतीवर करता येतं. भिंतीच्या फटीतला पिंपळ आणि गच्चीवरची सावली पुरेशी आहे. रस्त्यावर मात्र दोन मोठी माणसं हवीतच.

तीन आठवड्यांनी

दरम्यान प्रत्येक शिक्षकानं दोन तास घ्यायचे आणि पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, पाच मुलांच्या वह्या आणायच्या. फोटो नकोत. मोबाइलवरच्या समूहावर येणाऱ्या फोटोंत मुलं कुंडीशेजारी रांगेत उभी असतात, त्यावरून काही कळत नाही. वह्यांत दोन गोष्टी पाहाव्यात. पाचही वह्यांत शब्दन्‌शब्द सारखं लिहिलेलं असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. आकडे वेगवेगळे असतील, एखादा खोडून पुन्हा लिहिला असेल, तर मुलांनी मोजलं आहे. ज्यांचा तास फसला त्यांचं टाचण आधी घ्यावं. फसण्याची कारणं बहुतेक ठरलेली असतात: प्रश्न दोन-तीन झाले, जागा लांब पडली किंवा सामान चौघांत एकच होतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. ते या टाचणांना जोडून घ्यावेत, नाहीतर त्यांची सहल होते. जूनमध्ये शाळा उघडली की पर्जन्यमापक बसवावा. सरळ उभ्या कडांचं भांडं घ्यावं आणि ते छपरापासून दूर, उघड्यावर ठेवावं. 1 मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. छपरावरचं पाणी मोजताना उताराची लांबी धरू नये, छपराची जमिनीवर पडणारी लांबी-रुंदी धरावी. पत्र्याचा उतार जितका तीव्र, तितकी ही चूक मोठी होते.